मुकी पाटी

आमच्या घरात वाजणाऱ्या वस्तू मोजक्या होत्या: स्वयंपाकघरातला कुकर, दारावरची घंटा आणि रविवारी सकाळी आकाशवाणी. आम्ही दोघेही मराठी शिकवतो. शब्दांचा नाद, कवितेची लय, ओळीतला विराम यांवर वर्गात तासन्‌तास बोलण्याची आम्हाला सवय आहे. पण हे सारे नाद पुस्तकातले असतात, आणि पुस्तक मिटले की थांबतात. त्यामुळे चौदा वर्षांच्या आमच्या कन्येने एका संध्याकाळी 'मला ड्रम्स शिकायचे आहेत' असे जाहीर केले, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि काही वेळ कोणीच बोलले नाही.

नाही म्हणणे आमच्या तत्त्वात बसत नाही. म्हणून आम्ही विचारले, 'शीक की. पण घरी सराव कसा करणार?' विचारताना तो प्रश्न वाटला होता. आज मागे वळून पाहताना तो नकारच होता, फक्त सुसंस्कृत माणसे नकाराला प्रश्नचिन्ह लावतात एवढेच. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, वर-खाली बिऱ्हाडे, आणि स्नेअर ड्रम जोराने वाजवला तर त्याचा आवाज शंभर डेसिबलच्या पलीकडे सहज जातो. ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. हे आकडे आम्ही तिला वाचूनही दाखवले. कन्येने शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले, 'सर म्हणाले, पहिलं वर्षभर ड्रम लागत नाही. पॅड आणि दोन काठ्या पुरतात.'

तर सांगायचा मुद्दा असा की, ही गोष्ट त्या पॅडच्या निवडीची आहे. एरवी अर्ध्या तासात आटोपणारे हे काम आम्हाला चार महिने पुरले, आणि त्या चार महिन्यांत आम्हाला जे कळले ते पॅडपुरते नव्हते.

प्रॅक्टिस पॅड ही दिसायला अगदी साधी वस्तू आहे. लाकडी फळीची एक चकती, तिच्यावर चिकटवलेला रबराचा थर, आणि व्यास सहा, आठ, दहा किंवा बारा इंच. त्यावर काठी मारली की ती उसळते, आणि आवाज मात्र नावापुरता होतो. ड्रममधून ध्वनी वजा करावा आणि मागे फक्त उसळी ठेवावी, असा हा व्यवहार आहे. आम्हाला तो पाहून पूर्वीची धूळपाटी आठवली. मुलांनी तिच्यावर बोटाने अक्षर गिरवायचे, पुसायचे, पुन्हा गिरवायचे. अक्षर पाटीवर राहत नसे; ते राहायचे बोटात. पॅडचेही तसेच. त्याच्यावर वाजवलेले कोणी ऐकावे अशी अपेक्षा नसते. ही पाटी मुकी असते, आणि तिने मुके असावे यासाठीच आपण पैसे मोजतो.

पण ही समज नंतरची. आरंभी आम्ही पैसेही मोजले नाहीत. 'आधी घरात काय आहे ते बघू' हा मध्यमवर्गीय बाणा. कन्येने घरभर हिंडून, काठीने ठोकून ठोकून एकेक वस्तू तपासली आणि अखेर तिची निवड ज्या वस्तूवर स्थिरावली ती पाहून आमचे धाबे दणाणले. ती वस्तू म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण, आमच्या लग्नात एका गुरुजनांनी भेट दिलेले. 'याला बरोबर बाउन्स आहे,' ती म्हणाली. त्या कोशाने आजवर बरेच सोसले असेल, पण हिकरीच्या काठ्या सोसण्याची पाळी त्याच्यावर आमच्याच घरी आली. आम्ही तो काढून घेतला आणि तिच्या हाती उशी दिली.

उशीवर आवाज अजिबात होत नाही, आणि आम्ही खूश झालो. पंधरा दिवसांनी मनगट दुखू लागले तेव्हा तिच्या सरांनी चौकशी केली आणि उशी बंद केली. कारण समजून घेण्यासारखे आहे. ड्रमवर काठी पडली की ताणलेले कातडे तिला परत वर फेकते. वादक दर वेळी काठी उचलत नाही, तो उसळी झेलतो आणि वळवतो. उशी काठीला परत काहीच देत नाही. प्रत्येक ठोका हाताने मारायचा आणि हातानेच उचलायचा. मुरलेले वादक मनगटाला बळ यावे म्हणून मुद्दाम थोडा वेळ मऊ पृष्ठभागावर सराव करतात; पण नवशिक्याचा हात त्यावर अवघडतो आणि तीच सवय लागते. प्रतिसाद न देणाऱ्या श्रोत्यापुढे बोलत राहिले की आवाज उगाच चढत जातो, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही.

एव्हाना ती काय घोटते आहे याविषयी आमचे कुतूहल जागे झाले होते. तिच्या वहीत ओळीने दोनच चिन्हे होती, उजव्या हाताचे एक आणि डाव्याचे एक. उजवा, डावा, उजवा, उजवा. डावा, उजवा, डावा, डावा. याला 'पॅराडिडल' म्हणतात. फ्लॅम, रॅटामॅक्यू अशी आणखीही नावे आहेत, आणि ती उच्चारून पाहिली तर बहुतेक नावांत तो ठोकाच ऐकू येतो, जसा तबल्याच्या बोलांत ऐकू येतो. १९३३ साली शिकागोत तेरा ड्रमवादकांनी एकत्र येऊन अशा पाठांपैकी तेरा अत्यावश्यक ठरवले. पुढे त्यांचे सव्वीस झाले, आणि १९८४ साली पर्कसिव्ह आर्ट्‌स सोसायटीने चाळीस पाठांची यादी प्रमाण केली. सरांनी तिला जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचे 'स्टिक कंट्रोल' हे १९३५ सालचे पुस्तकही आणायला सांगितले होते. त्याची पहिली पाने आम्ही चकित होऊन पाहिली. पहिल्या पानावर चोवीस पाठ, आणि त्यांत केवळ दोन अक्षरांच्या उलटसुलट मांडण्या. प्रत्येक पाठ न थांबता वीस वेळा वाजवावा अशी सूचना.

छंदःशास्त्र शिकवणाऱ्याला हे पान परके वाटू नये. लघू आणि गुरू या दोनच चिन्हांवर आम्ही आठ गण उभे करतो, गणांवर वृत्ते उभी करतो, आणि विद्यार्थ्यांकडून ते घोटून घेतो. भुजंगप्रयात बोटांवर मोजणारा मुलगा आणि उजवा-डावा मोजणारी आमची मुलगी यांच्यात फार अंतर नव्हते. फरक एवढाच की, आमचा विद्यार्थी परीक्षेनंतर गण विसरतो; हिला ते हातात भिनवायचे होते. म्हणजे पाटी नीट हवी होती.

आम्ही शहरातल्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. पॅडचे इतके प्रकार असतील याची कल्पना नव्हती. काही नैसर्गिक रबराचे, काठीला ठणठणीत उत्तर देणारे. काही सिलिकॉनचे, जरा मऊ आणि कमी बोलके. काहींवर ड्रमसारखेच प्लास्टिकचे पातळ कातडे ताणलेले. त्यांचा स्पर्श खऱ्या वाद्याच्या जवळचा, पण आवाजही त्याच मानाने मोठा. काहींना दोन बाजू, एक कडक आणि एक मऊ. काही पट्ट्याने मांडीवर बांधायचे. आणि एका कोपऱ्यात जाळीचे पॅड, म्हणजे चकतीऐवजी कड्यावर ताणून बसवलेली दुहेरी विणीची बारीक जाळी. किमती काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत.

दुकानदाराने आमच्यासमोर एकेका पॅडवर काठी टाकली. जाळीवर ती पडली तेव्हा फक्त वारा हलल्यासारखे झाले. आम्ही दोघांनी एकदमच मान डोलावली. कन्या रबरी पॅडवर रेंगाळत होती. 'याचा प्रत्येक स्ट्रोक वेगळा कळतो,' असे काहीतरी ती म्हणाली. आम्ही म्हटले, 'अगं, पण इतर लोकांचा विचार करायला नको का?' इतर लोक! हा शब्द आम्ही किती सहज वापरला. जाळीचे पॅड, त्याला एक तिपाई स्टँड, आणि समाधान घेऊन आम्ही घरी आलो.

दीड महिना गेला. कन्या रोज रात्री जेवणानंतर पाऊण तास सराव करी. तिच्या खोलीचे दार लोटले की बाहेर काहीही ऐकू येत नसे. आम्ही वाचत असू, पेपर तपासत असू, आणि आपण कला व शेजारधर्म यांचा कसा मेळ घातला याचे मनातल्या मनात कौतुक करत असू. मग एका सकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले. वय ऐंशीच्या आसपास, तारखात्यातून निवृत्त झालेले. काकू खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. काकांनी आधी हवापाण्याचे बोलून घेतले, आमच्या मुलीची चौकशी केली आणि मग अत्यंत संकोचाने म्हणाले, 'सर, रात्री साडेआठनंतर ते जरा... हिला झोपेची गोळी देतो, पण ती दचकते.'

आम्हाला प्रामाणिकपणे आश्चर्य वाटले. आम्ही त्याच दिवशी फोनवर डेसिबल मोजण्याची सोय उतरवून घेतली, कन्येला वाजवायला लावले, दाराबाहेर आकडा मोजला आणि तो काकांना दाखवायला खाली गेलो. काकांनी चष्मा लावून आकडा पाहिला. मग म्हणाले, 'आवाज नाही हो सर. आवाज काहीच येत नाही. ठोका येतो.'

ते पुढे म्हणाले, 'हिचं सोडा, गोळी वाढवता येईल. पण माझी पंचाईत वेगळीच आहे. तरुणपणी मोर्सवर बसायचो. त्यात नुसती कटकट ऐकायची आणि अक्षर ओळखायचं. खात्यातली तारच बंद झाली, तेराच्या जुलैत. पण कानाची खोड जात नाही. वरून ठोका आला की कान वाचायला लागतो. अक्षर लागत नाही, मग झोपही लागत नाही.' थोडे थांबून, जणू तक्रारीची भरपाई म्हणून त्यांनी सांगितले, 'एक मात्र आहे. तिचा एक हात हलका पडतो. डावा असावा.'

आम्ही वर आलो ते गप्प होऊन. आवाज आणि ठोका. आयुष्यभर शब्दांच्या अर्थच्छटा शिकवणाऱ्यांना हा फरक तारखात्यातल्या माणसाने समजावून द्यावा, हे योग्यच झाले. पदार्थविज्ञानातही तो फरक आहे. हवेतून जाणारा ध्वनी आणि इमारतीच्या सांगाड्यातून जाणारा आघात हे दोन निराळे प्रवासी. हवेतल्या ध्वनीला भिंत, दार, पडदा अडवतात. आघाताला हवेची गरजच नसते. काठीचा धक्का पॅडला, पॅडचा स्टँडला, स्टँडच्या तीन पायांतून फरशीला आणि फरशीतून काँक्रीटच्या स्लॅबला. खालच्या घरासाठी तो स्लॅब म्हणजे छत. आम्ही मुकेपणा विकत आणला होता, पण तो मोजला होता आमच्या कानांनी, आमच्या मजल्यावर. ज्यांना त्रास होऊ नये म्हणून खटाटोप केला, त्यांच्या घरात बसून ऐकण्याचे आम्हाला सुचले नव्हते.

म्हणून पुढच्या रविवारी दुपारी आम्ही काकांकडे जाऊन बसलो. कन्या वर, फोन चालू. काकूंच्या खोलीतच बसायचे ठरले, कारण तीच खोली कन्येच्या खोलीच्या बरोबर खाली. काकूंना सगळा प्रकार सांगितला तेव्हा त्या पडल्या पडल्या हसल्या आणि म्हणाल्या, 'मला ठोका लागला की मी बोट उचलते.' त्यांनी उजवा हात चादरीवर ठेवला.

पहिला प्रयोग होता नेहमीचा, स्टँड उघड्या फरशीवर. आम्ही कान देऊन बसलो. आधी काहीच वाटेना. मग काकूंचे बोट उचलले गेले, पुन्हा उचलले गेले, आणि त्या बोटाकडे पाहता पाहता आम्हालाही ते ऐकू येऊ लागले. अगदी खोलवर, छताच्या पोटात कोणी बोटाच्या पेराने टकटक करावी तसे. इतके बारीक की, एकदा जाणवले तर कानावेगळे करता येऊ नये. दुसरा प्रयोग, स्टँड धुलाईयंत्राखाली घालतात त्या रबरी चटईवर. बोट उचलले जाई, पण मधूनमधून चुकू लागले. तिसरा, पॅड अभ्यासाच्या टेबलावर. हा सर्वांत वाईट. काकूंनी बोटच काय, भुवयाही उचलल्या. चौथा, पॅड मांडीवर घेऊन पलंगावर बसून. बोट जागचे हलले नाही, पण वरून तक्रार आली की असे बसून कोपर अडते आणि हात चुकीचा वळतो. पाचव्या प्रयोगात आम्ही स्टँड खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत कोपऱ्यात नेला, कारण स्लॅब कडेपेक्षा मध्यभागी अधिक कंपतो; खाली घडी घातलेली जुनी गोधडी, तिच्यावर एक फळी, फळीवर रबरी चटईचे तुकडे, आणि त्यांवर स्टँडचे तीन पाय.

आम्ही काकूंच्या हाताकडे पाहत राहिलो. बोट स्थिर होते. मिनिट गेले, दोन मिनिटे गेली. काकूंनी विचारले, 'थांबली का ती?'

फोनमधून काठ्यांची सळसळ येत होती. 'नाही, वाजवते आहे,' आम्ही म्हटले.

'अस्सं,' काकू म्हणाल्या, आणि हात चादरीखाली घेतला. त्या स्वरात सुटका होती तसे थोडे आणखीही काही होते, जे आमच्या तेव्हा ध्यानात आले नाही.

प्रश्न सुटला असे समजून आम्ही निश्चिंत झालो. आणखी महिन्याभराने तिच्या सरांचा निरोप आला. वर्गात खऱ्या स्नेअरवर तिचा दुहेरी ठोका कोसळत होता. मनगटाच्या एका हालचालीत काठीने दोनदा पडायचे असते. त्यातला दुसरा ठोका उसळीतून घ्यायचा आणि तो पहिल्याच्या तोडीचा यावा म्हणून बोटांनी आवळायचा. जाळीला उसळी इतकी असते की, दुसरा ठोका आपोआप येतो. बोटांना काही करावेच लागत नाही. स्नेअरवर ती फुकटची मदत बंद झाली की दुसरा ठोका मरतो, आणि सैल ताणलेल्या मोठ्या ड्रमवर तर तो येतच नाही. शिवाय जाळीवर ठोके एकमेकांत विरघळतात; डावा हात हलका पडतो आहे हे वाजवणाऱ्याला स्वतःला कळत नाही. (काकांना मात्र ते स्लॅबमधून कळले होते.) सर म्हणाले, 'पॅड शांत असावं, पण त्यानं खोटं बोलू नये. रबराचं घ्या.'

रबराचे पॅड खोलीत जास्त वाजते. आम्ही काकांची ढाल पुढे केली. 'अगं, आत्ताच तर त्यांचा त्रास मिटवलाय.' कन्येने आमच्याकडे पाहिले आणि जे सांगितले ते इतके सरळ होते की त्यावर बोलणेच खुंटले. ती म्हणाली, 'आजोबांना काय ऐकू जातं ते पॅडच्या खाली काय आहे त्यावर ठरतं. वर जाळी आहे की रबर आहे, ते फक्त या घरात ऐकू येतं. जाळी आजोबांसाठी नव्हतीच. तुमच्यासाठी होती.' आणि मग, दाराशी थांबून, 'तुम्ही खाली जाऊन ऐकलंत. इथे कधी बसून ऐकलंय?'

यातले पहिले वाक्य ध्वनिशास्त्राचे होते आणि बिनचूक होते. दुसऱ्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत बोलत बसलो. तिने तबला शिकायचा हट्ट धरला असता तर आम्ही पॅड शोधला असता का? नसता. पहाटे रियाजाचे बोल घरातून बाहेर जातात याचा आम्हाला अभिमानच वाटला असता आणि शेजाऱ्यांनीही ते संस्कार म्हणून सोसले असते. भाद्रपदात आमच्याच गल्लीतून ढोल-ताशांचे पथक जाते तेव्हा खिडकीची तावदाने थरथरतात, आणि आम्ही गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवतो. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गोव्याच्या आणि पारशी वादकांनी हेच ड्रम्स वाजवले. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बर्जोर यांचे हात ज्या गाण्यांमागे आहेत ती गाणी ऐकत आमची पिढी वाढली. म्हणजे वाद्य परके नव्हते, आवाजाचेही वावडे नव्हते. मग काय नको होते? आमच्या मते, शिकण्याचा आवाज नको होता. तोच पाठ वीस वेळा, त्यात तीच चूक अठरा वेळा. सिद्ध झालेली कला आम्हाला घरात हवी होती, सिद्ध होण्याची खटपट दाराआड, जाळीवर, नीरव. साहित्याच्या शिक्षकांना हे शोभत नाही, कारण आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत की, खोडलेला मसुदाही जपून ठेवा.

असो. दुसऱ्या दिवशी आम्ही रबराचे पॅड आणले. नैसर्गिक रबर, खाली जड लाकडी फळी, व्यास बारा इंच. सहा इंचीही चालते, पिशवीत मावते. पण मोठ्या चकतीवर दोन्ही हात आपापल्या जागी पडतात आणि जड फळी स्टँडवर सरकत नाही. या वेळी दुकानात आम्ही हुरळलो नाही. कन्येने प्रत्येक पॅडवर काठी एकाच उंचीवरून सोडली आणि ती किती वेळा उसळते ते मोजले. मग दुकानातल्या स्नेअरवर तेच केले, आणि ज्याची उसळी त्याच्या जवळची होती ते निवडले. काठी मात्र तिने घरून, स्वतःची नेली होती, हेही सांगायला हवे. दुकानातल्या भलत्याच वजनाच्या काठीने हात फसतो. घरी आल्यावर पॅड त्याच कोपऱ्यात, गोधडी-फळी-चटईच्या त्याच उतरंडीवर बसले. काकूंनी पुन्हा एकदा हात चादरीवर ठेवून परीक्षा घेतली. बोट उचलले गेले नाही. तरीही सरावाची वेळ रात्रीऐवजी संध्याकाळी साडेसहाची ठरली; काही गोष्टी रबराने सुटत नाहीत, घड्याळाने सुटतात.

कोणी आम्हाला विचारलेच, तर घरासाठी पॅड निवडण्याविषयी आम्ही आता इतके सांगू शकतो. वरचा थर वाजवणाऱ्याच्या हातासाठी निवडावा. त्याने चूक लपवू नये. खालची बैठक शेजाऱ्यासाठी रचावी, आणि ती जमली की नाही हे शेजाऱ्याच्या घरी बसून ठरवावे. या दोहोंची गल्लत केली की, दोघांचेही नुकसान होते आणि मधल्या मध्ये आपल्याला मात्र शांतता मिळते. ही तिसरी शांतता तपासून घ्यावी. ती कोणी मागितली होती?

त्या संध्याकाळी आम्ही प्रथमच तिच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसलो. तिने आमच्याकडे पाठ केली. लंबकासारखी टिकटिक चालू झाली आणि तिच्यावर काठ्या पडू लागल्या. उजवा, डावा, उजवा, उजवा. रबराचा आवाज कोरडा आणि स्पष्ट होता, फळ्यावर खडू टेकवावा तसा. गोड तो मुळीच नव्हता. सातव्या-आठव्या आवर्तनात ती अडखळली, थांबली, गती कमी केली, पुन्हा पहिल्यापासून. आम्ही मोजत होतो. वीस झाले तेव्हा तिने पुढचा पाठ घेतला. पाऊण तासात तिने चार पाठ केले आणि एकदाही मागे वळून पाहिले नाही. आम्हाला वाटले होते की कंटाळा येईल. साधारण विसाव्या मिनिटाला डावा हात आमच्याही कानाला कळू लागला. उजव्यापेक्षा किंचित हलका, किंचित घाईचा, बाकावरच्या मागच्या रांगेतल्या मुलासारखा, जो उत्तर देतो पण खालच्या आवाजात.

आता आमच्यापैकी कोणीतरी एक जण रोज तिथे बसतो. पेपर तपासायचे काम तिथेच नेतो. तपासणी थोडी हळू होते आणि, आमचा अनुभव असा की, थोडी सौम्यही.

गेल्या आठवड्यात जिन्यात काका भेटले. काकू आता वॉकर धरून खिडकीपर्यंत जातात, असे त्यांनी सांगितले. आम्ही विचारले, 'आता ठोका येत नाही ना?' ते म्हणाले, 'छे, काहीच नाही. झोप उत्तम लागते.' दोन पायऱ्या उतरून ते थांबले आणि वळून म्हणाले, 'पण मग कळतच नाही हो काही. डावा हात सुधारला का तिचा?'

या वेळी आम्हाला उत्तर माहीत होते. आम्ही जिन्यातच उभे राहून त्यांना ते सविस्तर सांगितले.